कुत्र्यांचं टाइमटेबल

खताच्या दुकानात लोक खत घ्यायला येतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. वडीगोद्रीत हायवेला लागून माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. मागं गोदाम आहे. शेजारचे पंक्चरवाले इरफानभाई एकदा गाडीखाली सापडलेलं कुत्रं पोत्यात घालून घेऊन आले आणि म्हणाले, "बापू, दोन दिवस मागं राहू द्या. ये बेचारा जाएगा किधर?" ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत! आता युरियाची गोणी न्यायला आलेला माणूस आधी बाकड्यावर टेकतो आणि विचारतो, "मंग बापू, नवीन काय?" त्याला नवीन कुत्रं नको असतं. त्याला नवीन किस्सा पाहिजे असतो.

आणि किस्से काय, आपोआप साठतात. आमच्याकडं येणारं कुत्रं लंगडं असो, बहिरं असो, येताना जुन्या जागेच्या सवयी घेऊन येतं. आमच्या सवयी त्याला माहीत नसतात, त्याच्या आम्हाला. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत जो गोंधळ होतो, तोच किस्सा. इरफानभाई जखमा बघतात, स्वयंपाकाच्या शांतामावशी पोट बघतात, आणि मी खुर्ची टाकून नुसता बघत बसतो, की हे येडं असं का करतंय!

यात सगळ्यात जास्त घोर लावला तो चिंगीनं. चिंगी दोन्ही डोळ्यांनी आंधळी. दोनदा तिला चांगलं घर बघून दिलं आणि दोनदा ती परत आली. परत आली की अन्न सोडायची. दुसऱ्या खेपेला तर मावशी तिच्या तोंडात चमच्यानं दूध घालत होत्या. तेव्हाच म्हणाल्या, "बापू, अजून एकदा वापस आली तं ही जगायची न्हाई." म्हणून तिला तिसरं घर द्यायची माझी छातीच होईना. तिच्याकडं येतोच, आधी बाकीच्यांचं ऐका.

*

सुरुवातीला मी भिंतीवर टाइमटेबल लावलं. सकाळचं खाणं, फिरणं, औषध, संध्याकाळचं खाणं. छान मार्करनं लिहिलेलं! पण कुत्री काही शांत होईनात. एखाद्या आठवड्यात भरदुपारी सगळी एकदम भुंकायची, तर एखाद्या आठवड्यात कोंबडं आरवायच्या आधी.

मी बसून बसून शोधून काढलं. मावशींचा स्वयंपाक बोअरचं पाणी आल्यावर. बोअर चालणार थ्री फेज लाईट आल्यावर. आणि शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोटर घुंईऽऽ झाली की आता भात शिजणार, एवढंच कुत्र्यांनी पाठ केलेलं. माझं टाइमटेबल त्यांनी वाचलंच नव्हतं!

मग आम्ही दोन मोठ्या टाक्या आणल्या, पाणी भरून ठेवलं. लाईट येवो न येवो, जेवण ठरल्या वेळेला. महिनाभरात कुत्री अशी शिस्तीत आली की विचारू नका. मोटर सुरू झाली तरी कान हलवायची नाहीत.

आणि एक दिवस शेजारच्या वावरातले काका तणतणत दुकानात आले. "बापू, कुत्र्यांला काय केलं तुम्ही? भुंकून का न्हाई राह्यले?"

"का हो काका, बरंच झालं की!"

"काय बरं झालं! कपाशीला पाणी द्यायचं राह्यलं माझं! मी तं त्यांच्या भरवशावर मोटरीला ऑटो स्विच बी बसवला न्हाई!"

*

तीन पायांचा 'सरपंच' ढाब्यावरून आला. सगळ्यांपासून लांब, भिंतीला टेकून बसायचा, म्हणून सरपंच. त्याच्यापुढं ताटली ठेवली की तो तिच्याकडं बघायचाच नाही. डॉक्टरांना दाखवलं. दात चांगले, पोट चांगलं.

मग एका दुपारी मावशी जेवून उठल्या, त्यांनी ताट खंगाळलं, आणि सरपंच उठून गपागपा खाऊ लागला. आता ढाब्यावरचं कुत्रं ते! गिऱ्हाईक जेवून उठल्याशिवाय आपल्याला काही मिळत नाही, हा त्याचा जन्माचा अनुभव. त्या दिवसापासून मावशी आधी जेवणार, ताट वाजवणार, मग सरपंच. त्याची तब्येत सुधारली, शेपूट हलायला लागली, सगळं बराबर.

पण संकष्टीला पंचाईत! मावशींचा कडक उपास, चंद्र दिसल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. सरपंचही दिवसभर ताटलीपुढं बसून. आम्ही हातापाया पडलो, खोटं ताट वाजवून दाखवलं. तो मावशींच्या तोंडाकडं बघणार आणि मान फिरवणार. दोन संकष्ट्या अशा गेल्या. तिसरीला मावशींनी दुपारीच साबुदाण्याची खिचडी वाढून घेतली.

मी म्हटलं, "मावशी, उपास सुटला की!"

"मंग काय करू? अर्धं पुण्य तं हाच घेऊन राह्यला. अर्ध्यासाठी मी कशाला उपाशी मरू!"

*

मोत्या बहिरा आहे. झोपेत हात लावला की दचकतो आणि चावतो, बिचाऱ्याचा त्यात दोष नाही. म्हणून आम्ही नियम केला, गोदामात पाऊल टाकायच्या आधी उंबऱ्यावर दोनदा जोरात पाय आपटायचा. फरशीतून हादरा त्याला कळतो, तो डोळे उघडतो, शेपूट हलवतो. रोज तसंच, न चुकता. आठवडाभरात मोत्या निर्धास्त झोपायला लागला.

मोत्याला सवय लागली ती लागली, मलाही लागली! घरी जाताना पाय आपटतो, बँकेत जाताना आपटतो. बायको म्हणते, "आले का, वाजत गाजत?"

तर पुतण्याची सोयरीक जमवायला आम्ही वाटूरला गेलो. मुलीकडचे खाऊनपिऊन सुखी, दारात पायघड्या वगैरे. मी मुलाचा चुलता, म्हणून सगळ्यांच्या पुढं. उंबऱ्याशी आलो आणि सवयीनं धाड धाड पाय आपटले.

बैठक गार पडली. मुलीच्या मामानं बापाकडं बघितलं, बापानं आत बघितलं. आत काहीतरी कुजबुज झाली. मी आपला लोडाला टेकून बसलो, मला काय त्याचं! पाचच मिनिटांत मुलीचे वडील तबक घेऊन आले. टॉवेल-टोपी, नारळ. माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "पाव्हणे, काही चुकलं असंल तं पोटात घाला. पण रुसू नका."

लग्न झालं, सून गुणाची निघाली. पण त्यांच्याकडं कार्य असलं की माझ्यासाठी टॉवेल-टोपी अजूनही आधीच काढून ठेवलेली असते!

*

इरफानभाईंनी लहान मुलांच्या सायकलची चाकं लावून एका कुत्र्याला गाडा करून दिलाय. त्याचे मागचे दोन्ही पाय गेलेले. त्याला 'शेठ' म्हणतात, कारण गाडीशिवाय हलत नाही. शेठला लघवी आपोआप होत नाही. ठरल्या वेळेला पोट दाबून करवावी लागते, उशीर झाला तर इन्फेक्शन. ते काम इरफानभाईंचं. दुकानात कुणीही असो, वेळ झाली की ते उठणार.

एकदा एक ट्रकवाला टायर खोलून बसलेला आणि इरफानभाई हात पुसत निघाले.

"उस्ताद, किधर चले?"

"मुतवायला," इरफानभाई म्हणाले.

ट्रकवाल्याला पटेना. तो मागं मागं आला. सगळं बघितलं, आणि पुढच्या खेपेला बराबर त्याच वेळेला त्यानं ट्रक उभा केला. इरफानभाईंनी विचारलं, "कौनसा टायर?"

"टायर सब ठीक है," तो म्हणाला. "आज मैं पकडता हूँ, तुम दबाओ."

*

आता चिंगी.

तिला पहिलं घर मिळालं ते फार प्रेमळ. चिंगीनं चार दिवसांत घर पाठ केलं. खाट इथं, पाणी तिथं, पायरी अमुक ठिकाणी. डोळस कुत्र्यासारखी फिरायची. मग दिवाळीची साफसफाई आली! कपाट इकडं, खाट तिकडं, पाण्याचं भांडं अंगणात. चिंगी जाईल तिथं धडकायला लागली. एका कोपऱ्यात जाऊन बसली ती उठेचना. मालक तिला परत घेऊन आले. "बापू, पागल झाली हो ही!" मी त्यांना म्हटलं, तुमचं अख्खं घर रातोरात कुणी हलवलं तर तुम्ही काय शहाणे राहाल का?

दुसऱ्या घरी लग्न निघालं. जेवणाची वेळ नाही, झोपायची वेळ नाही, दिवसभर डीजे. आंधळ्या जिवाला वेळ हाच आधार असतो. आता उजाडलं, आता कोणी येणार, आता भाकरी. तोच आधार गेला. तेव्हाचं ते चमच्यानं दूध घालणं.

म्हणून संगीताताई दुकानात आल्या तेव्हा चिंगीचं नाव मी काढलंच नाही.

संगीताताई म्हणजे शेजारच्या गावच्या लिंबाजीतात्यांची लेक, जालन्यात असते. तात्या परतूरकडं रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. रिटायर होऊन गावी आले आणि वर्षभरापूर्वी त्यांची मंडळी वारली. ताई सांगत होत्या, "बापू, राखणीचं कुत्रं द्या एखादं. बाबा दार सताड उघडं टाकून बसतेत. सारी नोकरी फाटक लावण्यात गेली अन् आता घराचं दार लावत न्हाईत!"

"का बरं?"

"आई असताना दिवेलागणीला बाबा दारापाशी जायचे. 'लावू का कडी?' म्हणायचे. आई चुलीपासून 'लावा' म्हणायची, मंग कडी लागायची. आता कोणी म्हणत न्हाई, तर लावत बी न्हाईत. जेवायचा बी ठिकाणा न्हाई."

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले. मी त्यांच्यासाठी एक धिप्पाड, भुंकरं कुत्रं काढून ठेवलं होतं. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, गोदामातून एक चक्कर मारली आणि चिंगीपाशी जाऊन खाली बसले.

इरफानभाई म्हणाले, "तात्या, ती आंधळी हाय."

"मंग? मला काय तिच्याकडून सिग्नल बघून घ्यायचाय?"

माझा जीव वरखाली. मी दहादा बजावलं, खाट हलवायची नाही, ताटली एकाच जागी, जेवण एकाच वेळेला. तात्या रागावले. "टाइमाचं मला नका सांगू, बापू!"

आठवड्यात फोन आला. "खाऊन न्हाई राह्यली."

"तुम्ही कधी जेवता, तात्या?"

"भूक लागली की."

"मग तिला कसं कळावं?"

त्यांनी फोन ठेवला. नंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. खरं सांगतो, भीती वाटायची.

पावसाळ्यानंतर फोन आला तो संगीताताईंचा. तात्यांच्या गावात चोऱ्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "बाबाला जालन्याला घेऊन चालले. आमच्या बिल्डिंगीत कुत्रं चालत न्हाई. चिंगीला घेऊन जा, बापू."

मी मोटारसायकलला टोपली बांधली. निघताना मावशींनी डब्यात दूध आहे का ते उघडून बघितलं.

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सामान बांधून दाराशी ठेवलेलं, सकाळची गाडी ठरलेली. चिंगी चुलीपाशी पडलेली, चांगली भरली होती. तिची ताटली, पाण्याचं भांडं, तात्यांची खाट, सगळं जिथल्या तिथं. ताईंनी चहा दिला. टोपलीचा विषय कुणीच काढत नव्हतं.

मग तात्या उठले, लाईट लावली आणि दारापाशी गेले. मला वाटलं, चिंगीला नेताना बघायला नको म्हणून बाहेर चाललेत. ते उंबऱ्याशी थांबले. दार लोटलं, कडीवर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"लावू का कडी?"

ताईंचा कप तोंडापाशीच थांबला. त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात चुलीपासून चिंगी बोलली.

"भू."

एकदाच.

तात्यांनी कडी लावली आणि येऊन जागेवर बसले. चिंगी उठली, खाटेला वळसा घालून सरळ ताटलीपाशी जाऊन बसली.

मी आत होतो, माझी मोटारसायकल बाहेर, टोपली बांधलेली. 'तात्या, कडी काढा, मला निघायचंय,' एवढंच म्हणायचं होतं. पण मी आपली मांडी घालून बसलो!

ताईंनी बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. कप खाली ठेवला आणि उठून परात पुढं ओढली.

"बापू," त्या म्हणाल्या, "ज्वारीची टाकू का बाजरीची?"