आवाज बंद, चित्र चालू

"चित्र ब्येस असतंय तुझं. आवाज तेवढा आमी बंद करतो. लई गावंढळ वाटतो."

बारामतीतल्या एका थंडगार ऑफिसात चॅनेलचे मालक मला हे सांगत होते. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर दाराएवढा पडदा होता आणि त्या पडद्यावर आदल्या दिवशीच्या बैलगाडा शर्यतीचं माझंच लाईव्ह पुन्हा चालू होतं. बैल माझ्या कॅमेऱ्यातले. धुरळाही माझ्याच कॅमेऱ्यातला. खालच्या कोपऱ्यात माझ्या चॅनेलचं नाव असतं, त्यावर त्यांच्या चॅनेलची लालभडक पट्टी. आणि माझ्या आवाजाच्या जागी कुणातरी गोड गळ्याच्या निवेदकाचा आवाज: "दोन्ही वृषभ अत्यंत वेगाने मार्गक्रमण करीत आहेत."

वृषभ! मार्गक्रमण! अहो, बैल पळत होते. पांढरा काळ्याला पुढं सरकू देत नव्हता, डायव्हर गाडीवर नुसता टांगलेला होता, आणि माझ्या मूळ लाईव्हवर मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "सुटली, सुटली! आरं डायव्हर, झोपलास का काय?" ते सगळं यांनी पुसलं आणि वर वृषभ सोडले.

ऑफिसात खुर्च्या रिकाम्या होत्या. मला कुणी बस म्हटलं नाही. मी उभाच.

मी निरवांगीचा. इंदापूर आणि बारामती तालुक्यात जिथं बैलगाड्यांचं मैदान भरतं तिथं मी आणि माझी बायको मंदा जातो. ती तिवईवर फोन लावून चित्र धरते, मी गळ्यात माईक अडकवून बोलतो. आमचं चॅनेल एवढंच. मालकांचं चॅनेल मोठं. ते आमचं चालू लाईव्ह उचलायचे आणि स्वतःच्या प्रेक्षकांना दाखवायचे. मी भांडायला गेलो नव्हतो. एकच गोष्ट मागायला गेलो होतो.

"आमचं लाईव्ह दाखवता, दाखवा की मालक. आनंदच हाय. फकस्त नाव झाकू नका, आन आवाज काढू नका."

मालक कॅमेऱ्यासमोर 'आपण' म्हणतात. कॅमेरा नसला की 'तू'. सोफ्यावर बसलेल्या दोस्तांकडं वळून ते म्हणाले, "ह्याचा बाप गावात दवंडी द्यायचा." मग माझ्याकडं. "तुझ्या बापानं कधी म्हणलं व्हतं का रं, ही माझी दवंडी हाय म्हणून? काम गावाचं. नाव गावाचं. त्याचा नुसता गळा."

सोफा हसला. एकाच्या कपातला चहा बशीत सांडला, एवढा हसला.

आणि मीही हसलो. मी हसायचं ठरवलं नव्हतं. तोंड आपोआप हसलं. मोठ्या माणसानं विनोद केला की आमच्या वस्तीतली तोंडं अशी आपोआप उघडतात, ही सवय पिढ्यानपिढ्यांची आहे.

खाली मंदा स्कूटीपाशी थांबली होती. "काय म्हणले?"

"गळा चांगला हाय म्हणले."

"आन?"

"आन नुसता गळाच हाय म्हणले."

तिनं किक मारली. काटेवाडी मागं पडली. मग म्हणाली, "तुमी हसला असाल."

मंदाशी लग्न करणं म्हणजे रोज कोर्टात उभं राहणं आहे.

मालकांनी बापाचं नाव काढलं ते खोटं नव्हतं. माझा बाप दवंडी द्यायचा. हलगीवर दोन टिपऱ्या मारायच्या आणि साऱ्या गावाला सांगायचं, उद्या ग्रामसभा आहे, यावं. पहाडी आवाज. ओढ्यापलीकडच्या मळ्यातही माणसं हातातलं काम थांबवायची. सारं गाव सभेला जमायचं. आणि ज्यानं जमवलं तो पाराखाली, चपलांच्या रांगेपलीकडं उभा. मी लहान होतो. विचारलं, "बा, आपल्याला न्हाय का बोलावलं?"

तो म्हणाला, "बोलवणाऱ्याला कोण बोलवतंय?"

हे तो रागानं म्हणाला नाही. ऊन आहे, पाऊस आहे, तसं म्हणाला. मला त्याचाच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? लाईव्ह कुणीतरी पुढं दाखवलं तर तुमचं काय गेलं? काहीच जात नाही! हेच तर मीही सांगतो. आमच्याकडं बाया विरजण मागायला येतात. वाटीभर दिल्यानं आपलं दही कमी होत नाही, आणि नेणारी बाई गल्लीभर सांगते, अमकीच्या घरचं विरजण आहे, म्हणून दही असं लागलं. मस्कतला आमच्या तालुक्यातला एक ड्रायव्हर आहे. तो माझं लाईव्ह तिकडच्या मंडळींच्या ग्रुपवर सोडतो, आणि आधी लिहितो, "आपला निरवांगीवाला बोलतोय, ऐका." त्यानं पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा मी मंदाला ते दोनदा वाचायला लावलं होतं. वाटून घेणं ते हे. मालक करत होते ते म्हणजे पाहुण्याचं धड पंगतीला बसवायचं आणि मुंडकं बाहेर ठेवायचं.

तक्रारीचं बटण असतं, ते मला ठाऊक होतं. बटण दाबायला अंगठा पुरतो. पण मैदान भरवणाऱ्या प्रत्येक कमिटीच्या फ्लेक्सवर मालकांचा हसरा फोटो. आज बटण दाबलं की उद्या मैदानाच्या बांधावरही मला कुणी उभं करणार नाही. म्हणून गप्प बसलो. मात्र बघणारे गप्प बसले नाहीत. मालकांच्याच चॅनेलखाली लोक लिहू लागले. "वृषभवाला काढा." "बैलाला बैल म्हणा की राव." "निरवांगीवाल्याचा आवाज लावा." मंदा मला हे रात्री भाकरी थापता थापता वाचून दाखवायची आणि माझी भूक दुप्पट व्हायची.

मग मालकांच्या ऑफिसातून फोन आला. पुढचं मैदान आमच्याच शिवारात होतं. "तुझा आवाज ठेवू म्हणतायत मालक. पण तू आपलं नाव घ्यायचं न्हाय. दर गाडी सुटायच्या आधी आमच्या चॅनेलचं नाव घ्यायचं. मालक सोता येणार हायत मैदानावर. तुझं-त्यांचं बोलणं झालं की आवाज सोडू."

म्हणजे पुन्हा दवंडी. गळा माझा, हुकूम त्यांचा.

मी म्हणालो, "बघतो." आणि खरंच बघत बसलो. मंदाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी त्यांचं नाव घेतलंत, तर मी फोन गुंडाळून घरी जाईन. मग बसा वरडत मोकळ्या हवेत."

मैदानाच्या दिवशी आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलो होतो. समोर तिवईवर चित्र घेणारा फोन, मंदाच्या हातात दुसरा, प्रेक्षक काय लिहितात ते बघायचा. मी बोलत होतो, गाड्या सुटत होत्या, आणि मालकांचं नाव अजून माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. मालक आले. पांढरेशुभ्र. फेटा बांधला गेला. स्टेजवरून ते म्हणाले, "हा मातीतला खेळ आहे, आणि आपण सारी मातीतली माणसं." डोळे पाणावल्यासारखे. सुंदर करतात ते. मी स्वतः नाटक्या माणूस आहे, दाद देतो.

तेवढ्यात मंदा कानाशी लागली. "अवो, त्यांच्या चॅनेलवर तुमचाच आवाज चाललाय. त्या वृषभवाल्याचा घसा बसलाय म्हणं. लोकं लई वरडली, म्हणून तिकडच्या पोरांनी मगाशीच सोडला."

पुढच्या गटाच्या गाड्या लागायला वेळ होता. बैल सावलीला उभे. मालक स्टेजवरून उतरून थेट आमच्या ट्रॉलीपाशी आले, सोबत त्यांचा एक माणूस. मंदानं तिवई हळूच फिरवली. चित्रात आता मालक. फेट्यासकट.

"काय रं, निरोप मिळाला का न्हाय?"

"मिळाला, मालक."

"मग नाव का घेत न्हाईस?" बोलता बोलता त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या माईकवर गेली. "हे चालू हाय का?"

मी खोटं बोललो नाही. "चालूच असतंय, मालक."

ते हसले. "तुझ्याकडं असंल. आमच्याकडं तुझं तोंड बंद असतंय."

बघा, किती दिवस त्यांनी माझं तोंड बंद ठेवलं होतं! इतके दिवस, की ते उघडं असू शकतं यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. मी सांगूनसुद्धा.

"आपण पाहत आहात, असं म्हणायचं. पुढं आमचं नाव."

"आन माझं?"

"दवंडीवाल्याला नाव कशाला लागतंय?"

"न्हाय, म्हणजे बघणाऱ्यांना कळाय नको का, चित्र कुणाचं हाय ते?"

"बघणाऱ्यांना?" मालकांनी फेटा सारखा केला. "आरं, बैलं बघणाऱ्यांना काय कळतंय? शेणात जन्मल्यात, शेणातच जायाची. म्होरनं गाढव पळवलं तरी टाळ्या वाजवतील."

पलीकडं हलगी सुरू झाली होती. मी कानाला हात लावला. "मालक, हलगीत ऐकू यीना. जरा मोठ्यानं."

"शेणात जन्मल्यात म्हणलं!"

"कोण, मालक?"

"ही बघणारी! आमची!"

एवढ्यात त्यांच्या माणसाचा फोन वाजला. त्यानं कानाला लावला आणि त्याच्या तोंडाचा रंग उडाला. "मालक... आपल्या चॅनेलवर चाललंय."

"काय चाललंय?"

"तुमी."

मालकांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्या माईककडं, मग तिवईकडं. मंदानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिवईवरचा फोन जरा वर घेतला. फेट्याचा तुरा कापला जात होता म्हणे.

मी इथं हसू शकलो असतो. हसलो नाही. सावकाश, न ओरडता, माईकमध्ये बोललो. "मंडळी, मालकांनी मला त्यांचं नाव घ्यायला सांगितलंय. मी घेणार न्हाय." मग मी माझं नाव घेतलं. बापाचं घेतलं. आमच्या वस्तीचं घेतलं. ज्या मातीत मालक मातीतली माणसं म्हणून मिरवतात, त्या मातीत ही तीन नावं एवढ्या मोठ्यानं कधी कुणी घेतली नव्हती. बापानंही नाही.

मालकांच्या चॅनेलवर ठिबकच्या नळ्यांची जाहिरात लागली. माझं चालूच होतं.

कमिटीचे अध्यक्ष धावत आले. त्यांना सारे आबा म्हणतात. "आरं, माफी माग. पाहुणं हायत."

"कशाची, आबा?"

"अपमान झाला की त्यांचा."

"शेणात कोण जन्मलंय म्हणले ते? तुमी का मी?"

आबांनी इकडं तिकडं पाहिलं. "ते बोलायच्या भरात असतंय. तू उतर खाली."

आम्हाला उतरवलं. मंदानं तिवई खांद्यावर टाकली. बैलवाले उभे होते, ज्यांना शेणातले म्हटलं गेलं तेच. एकानंही मधे तोंड घातलं नाही. संध्याकाळी बक्षिसं वाटायला मालकच होते, आणि ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मालकाची कीव येत नाही आणि ह्यांचीही येत नाही. शिवी ऐकून टाळी वाजवणाऱ्याला मी गरीब बिचारा म्हणणार नाही. लाचार म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी खुलासा टाकला, चित्र तोडूनमोडून दाखवलं म्हणून. तोडमोड ओळखायला तेवढा अनुभव हवाच.

त्यानंतर बरीच मैदानं आम्हाला कुणी बोलावलं नाही. मंदा लोकांच्या डाळिंबाच्या बागेत तोडीला गेली. मी लग्नाच्या वराती दाखवल्या. मग बघणारेच कमिट्यांना विचारू लागले तेव्हा एकेक मैदान परत मिळू लागलं, आणि मध्यस्थ आला. मालक नाव दाखवायला तयार आहेत, आवाजही ठेवतील, झालं गेलं विसर. मी म्हणालो, दाखवा. सकाळभर नाव दिसलं, आवाज होता. फायनलची गाडी जुंपली आणि मंदा म्हणाली, "पट्टी टाकली. आवाज पण काढला."

झेंडा वर होता. मैदानातलं एकूणएक माणूस उभं राहिलेलं. मी हात लांब केला आणि लाईव्ह तोडलं.

फायनल कुणालाच दिसली नाही. त्यांच्या प्रेक्षकांना नाही, माझ्याही नाही. मला शिव्या बसल्या. मस्कतच्या ड्रायव्हरनं लिहिलं, "राव, आमचा काय गुन्हा?" त्याला मी लिहिलं, तुमचा गुन्हा नाही, पण पुन्हा असं झालं तर मी पुन्हा तोडणार. तो हल्ली माझं लाईव्ह पुढं पाठवतो की नाही, मला माहीत नाही.

आता जो कुणी माझं लाईव्ह मागतो त्याला मी आधीच सांगतो. फुकट घ्या. शंभर ठिकाणी दाखवा. पण माझं तोंड असेल तरच माझे डोळे मिळतील. नाव झाकलं, आवाज काढला, की गाडी भर पल्ल्यात असली तरी मी बंद करणार. तुमच्या पडद्यावर अंधार, माझ्याही पडद्यावर अंधार. मला तो परवडतो. तुम्हाला परवडतो का, ते तुम्ही ठरवा.