पहिले पाच शॉट

भुताखेतांचा विषय निघाला की चहाच्या निमित्ताने उठून जाणारी बाई मी. आकाशवाणी झाली तरी आधी वायरिंग तपासेन. त्यामुळे हे इथे लिहिताना थोडा संकोच वाटतोय... पण मनात ठेवूनही चैन पडत नाही.

राहते डोंबिवलीत. नोकरी ठाण्यात, खोपटच्या डेपोपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका लहानशा लॅबमध्ये. काम असं – धातूच्या तुकड्यावर लेसरचा शॉट मारायचा, टाचणीच्या टोकाएवढी ठिणगी उडते, तिचा उजेड यंत्र वाचतं. धातूत हायड्रोजन असेल तर पडद्यावर एक शिखर उठतं; त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असेल तर अगदी खेटून दुसरं. एकाच जागी शॉट मारत गेलं की आपण धातूत खोल जात राहतो. पहिले पाच शॉट आम्ही धरत नाही, कारण वरच्या थरावर हवेतला ओलावा बसलेला असतो आणि ओलावा म्हणजे हायड्रोजन आलाच.

नमुने यंत्रात बसवायचं काम भोईरकाकांचं. कोपरीचे, वडील मिठागरात होते. वीस वर्षांचा सराईत हात, पण एक खोड – तुकडा ठेवण्याआधी चष्म्याच्या काचेवर करतात तसं त्यावर 'हाऽऽ' करून फडक्याने पुसायचे. हायड्रोजन मोजणाऱ्या लॅबमध्ये! मी कितीदा रागावले. ते ओशाळं हसायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा 'हाऽऽ'.

मागच्या वर्षी एका ग्राहकाशी वाद झाला. तुकड्यांत त्यांनी फक्त ड्युटेरियम भरून पाठवलंय असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या रिपोर्टमध्ये हायड्रोजनही भरपूर. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मी पटकन बोलून गेले – आमच्या माणसाला नमुन्यावर श्वास सोडायची सवय आहे, त्यानेच झालं असणार. काका दारातच उभे होते. एवढंच म्हणाले, "म्याडम, माझा श्वास वरच्यावरच हाय. आत नाय गेला." कोणी लक्ष दिलं नाही. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. चार महिन्यांनी ते झोपेतच गेले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, मी तुलनेसाठी ठेवलेला कोऱ्या धातूचा तुकडा लावला. यात हायड्रोजन जवळपास नसतोच. व्हॅक्यूममध्ये तापवून काढलेला, भोवती कोरडा हीलियम, माझ्या तोंडाला मास्क. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. पहिला शॉट मारला आणि हायड्रोजनचं शिखर पार वर गेलं. दुसऱ्याला निम्मं. चौथ्याला काहीच नाही, सपाट रेषा. जागा बदलली – तेच. तिसरी जागा – तेच. कुठे गळती असती तर प्रत्येक शॉटला दिसली असती. हे तर कोणीतरी नुकतंच तोंड जवळ नेऊन...

भीती नाही वाटली, खरंच. लाज वाटली. कारण त्या सपाट रेषेकडे बघता बघता डोक्यात प्रकाश पडला. श्वास चौथ्या शॉटपर्यंत संपतो, आणि पहिले पाच तर आम्ही फेकतो. मग काकांचा श्वास रिपोर्टमध्ये येईल कसा? लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी मीच शिकवते. जुनी फाईल उघडली. हायड्रोजन चाळिसाव्या शॉटलाही तेवढाच होता. म्हणजे धातूच्या आतला, ग्राहकाने भरतानाच शिरलेला.

चूक माझी होती असं मी साहेबांना लेखी दिलं. रविवारी कोपरीला जाऊन काकूंनाही सांगितलं. त्या दुपारच्या शिखराबद्दल मात्र बोलले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "ते व्हते तवाच सांगाचा व्हता, ताई."

नंतर सगळी सील तपासली, सिलिंडर बदलला, तोच तुकडा पुन्हा लावला. पहिल्या शॉटपासून सपाट. कारण आजतागायत सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा, टिंगल केलीत तरी चालेल. पहिले पाच शॉट नियमाप्रमाणे मी अजूनही फेकते. फक्त फेकण्याआधी पहिला एकदा बघून घेते.