बेड नंबर चार, माझ्या खिशात

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. पुढे जे घडलं ते कसं घडलं ते मला माहीत नाही... पण सुरुवात माझ्या खिशातून झाली.

मी बडोद्यात एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. पुरुष असल्यामुळे सगळे 'ब्रदर' म्हणतात. भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. लग्नकार्यात भेटणारे लोक हळूच विचारतात, "तुमच्या शवागारापाशी काही दिसतं का हो?" मी सांगतो, "दिसते ना, मांजर. गारव्याला येऊन बसते." तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही.

ड्यूटीवर आमच्या प्रत्येकाच्या खिशात एक चतकोर कागद असतो. कोणाचं बीपी परत बघायचंय, कोणाची सलाईन संपत आलीय, असं काहीबाही त्यावर खरडलेलं. फाईलमध्ये रीतसर नोंद होतेच, हा कागद फक्त आपल्या डोक्याच्या मदतीला. पुढच्या शिफ्टला पेशंट समजावून दिले की तो फाडून बंद डब्यात टाकायचा. वॉर्डाबाहेर न्यायचा नाही. आमच्या इन्चार्ज ज्योत्स्नाबेन रोज विचारतात, "फाडी?" आणि आम्ही म्हणतो, "फाडी."

त्या दिवशी मी न फाडताच "फाडी" म्हणालो. निजामपुऱ्यात मिक्सरचं भांडं दुरुस्तीला दिलं होतं, ते आज आणलं नाही तर घरात येऊ नका असा निरोप होता.

त्या कागदावर बेड नंबर चार म्हणजे दिघेकाका होते. निवृत्त मुख्याध्यापक आणि कारेलीबागेतल्या आमच्याच सोसायटीचे चेअरमन. आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. सोसायटीत मात्र 'नाशिकला भाचीच्या लग्नाला जातो' असं सांगून आले होते. ॲडमिट झाले त्या दिवशीच त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

"अविनाश, निवडणूक तोंडावर आहे. आजारी माणूस काय लिफ्ट दुरुस्त करणार, असं म्हणतील. माझ्या पोटाची पंचायत खालच्या बाकड्यावर बसता कामा नये. शब्द दे."

मी दिला.

आता, असल्या ऑपरेशननंतर वारा सरला की आतडं कामाला लागलं असं समजतात. तोवर तोंडाने काही द्यायचं नाही. गुजरातीत त्याला वाछूट म्हणतात. डॉक्टर विचारायचे, ज्योत्स्नाबेन विचारायच्या, मी विचारायचो, "काका, वाछूट झाली?" ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले, तो या प्रश्नाला भिंतीकडे तोंड फिरवायचा. माझ्या कागदावर त्यांच्यापुढे एवढंच होतं – '४, वा. नाही'.

मी कपडे बदलले, युनिफॉर्म स्कूटरच्या डिकीत टाकला, कुलूप लावलं आणि निजामपुऱ्यात गेलो. दुकानदाराने भांडं हातात दिलं आणि सहज विचारलं, "पेला काकाने वाछूट थई?"

म्हणजे, त्या काकांना झाली का! "कोण काका?"

"क्या काका?" तो माझ्याकडे बघत राहिला. "में तो कीधु, रबर नवु नाख्यु छे!"

तो म्हणे नवं रबर घातल्याचं सांगत होता. ऐकण्यात चूक झाली असेल, थकलोय... अशी मी मनाची समजूत घातली. पण रस्त्यातच आठवलं, कागद फाडलेला नाही! खिशातून पडला असला तर? कुणी वाचला तर? माझी नोकरी जाईल ते जाईल, पण काकांना दिलेला शब्द?

सोसायटीच्या फाटकाशी बायको भेटली, सुनंदा. भाजीच्या गाडीवर फ्लॉवर निवडत होती. भाजीवाल्या मंजूबेनने तिच्या हातातला गड्डा चक्क काढून घेतला.

"फ्लॉवर ना लेशो, बेन. ए काकानु पेट हजी फूलेलु छे."

"कुणाचं पोट फुगलंय?" सुनंदा माझ्याकडे वळली.

म्हणजे तिनेही ऐकलं होतं! मी मंजूबेनला विचारलं, "तमने कोणे कह्यु?" तर ती म्हणाली, "शुं कह्यु? में तो भाव कह्यो!"

"अहो, कोण काका?" सुनंदा म्हणाली.

"मला सांगता येणार नाही."

"अस्सं! इतकी वर्षं संसार केला, आणि तुमची गुपितं भाजीवालीला माहीत, मला नाहीत?"

"अगं, मी तिलाही सांगितलं नाही."

"मग तिला स्वप्न पडलं?"

मी स्कूटरकडे धावलो. डिकीचं कुलूप जसंच्या तसं. युनिफॉर्मच्या खिशात कागद चौघडी घातलेला, माझ्याच घामाने चिकटलेला. कुणी हातही लावला नव्हता. आणि लावला असता तरी 'वा. नाही' वरून कुणाला काय कळणार!

तेवढ्यात बाकड्यावरच्या कोकिलाबेन बोलल्या. वयस्कर, कानाने अधू, दिवसभर जपमाळ ओढत बसतात. माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. "थई गयु, हों. हमणां ज. हवे राहत."

झालं म्हणे, आत्ताच, आता आराम! मी तिथेच उभं राहून वॉर्डात फोन लावला. ज्योत्स्नाबेननी उचलला. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "अविनाशभाई, खुशखबर! बेड चारने वाछूट थई गई, हमणां ज. काका चहा मागतायत, मी पाण्याचे घोट देतेय."

फोन हातात धरून मी कोकिलाबेनना विचारलं, "बा, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"जय श्रीकृष्ण कह्यु, बेटा. बीजु शुं?"

हे कसं झालं, मला आजही कळत नाही. कागदावरचं कुणी वाचलं असेल, असं एक वेळ धरून चालू. पण शेवटची बातमी कागदावर नव्हतीच. ती तर मलाही माहीत नव्हती! सुनंदाचं म्हणणं, मला ऊन लागलं. मग फ्लॉवरचं तिने कसं ऐकलं? तर म्हणते, "तो विषय काढू नका."

मी तसाच परत हॉस्पिटलात गेलो. ज्योत्स्नाबेनना कागद दाखवला आणि खोटं बोललो ते सांगितलं. त्यांनी तो माझ्यासमोर फाडला. मला लेखी मेमो मिळेल म्हणाल्या. मिळालाही.

"काकांना सांगू?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

काका उशीला टेकून बसले होते, इतक्या दिवसांत प्रथमच माझ्याकडे तोंड करून. "अविनाश! कळलं ना? आता विचारू नकोस म्हणजे झालं."

मी पडदा ओढला आणि सगळं सांगितलं. मिक्सर, फ्लॉवर, कोकिलाबेन. काकांचा चेहरा उतरत गेला.

"माझं नाव घेतलं कुणी?"

"नाही, काका."

"कागद कुणी वाचला?"

"नाही."

"मग गप्प बसला असतास तर मला कधी कळलंही नसतं. सांगितलंस कशाला?"

खरंच, कशाला? बेड पाचवरचे, पादरा गावचे शेठ पडद्यापलीकडे खोकायचे थांबले होते, म्हणून मी आवाज अगदी खाली आणला.

"काका, तुम्ही माझ्या भरवशावर इथे निजला होतात, आणि मी तुम्हाला खिशात घालून घेऊन गेलो. कुणी वाचलं असो वा नसो, ते नेणं माझं काम नव्हतं. माझं चुकलं. मला माफ करा."