सहा नंबरचे दोन जोड

मला राग पटकन येतो, आणि आला की आधी वस्तूंवर निघतो. त्या दिवशी तो बुटांवर निघाला.

बुटांचे जोड दोन होते. दोन्ही निळे, दोन्ही सहा नंबरचे. मी आणि माझ्या मैत्रिणीनं एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले. ती विक्रोळीची, शाळेच्या ऑफिसात काम करते, मूळची मालवणकडची. मी घाटकोपरची, साकीनाक्याला एका गाळ्यात रबराचे वायसर कापते. सराव आमचा घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत, पायऱ्यांवर. पंचेचाळिशी उलटलेल्या दोन बायका सकाळी सकाळी पायऱ्या धावत चढतात म्हटल्यावर लोक बोलणारच. नळावरची एक मावशी तर रोज विचारायची, "काय गं, आज पण कुत्रं मागे लागलं का?"

मैत्रिणीचा उजवा पाय जरासा आखूड आहे. अपघातात हाड मोडलं होतं, ते तसंच जुळलं. सपाटीवर कळतही नाही, पण उतारावर तिची कंबर धरते. म्हणून मी गाळ्यातल्या रबराचा टाचेएवढा तुकडा कापून तिच्या उजव्या बुटात बसवून दिला होता. तीनदा घासला तेव्हा कुठे बरोबर बसला. त्या तुकड्याच्या जोरावर ती डोंगर उतरायची.

आमची शर्यत कर्जतपलीकडच्या एका डोंगरावर असते. आधी शेतं, मग घसारा, मग अंगावर येणारा कातळ, मग कारवीचं रान आणि अगदी माथ्यावर देवराई. तिथून त्याच वाटेनं परत पायथ्याशी, सहा तासांच्या आत पोचलं तरच मेडल. आदल्या दोन्ही वर्षी ती वेळेत पोचली नव्हती. यंदा डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, पावसाळ्याआधी कमरेचं ऑपरेशन, आणि मग डोंगर बंद. "एकदा तरी ता मेडल गळ्यात पडाक होया गो," एवढंच ती म्हणाली होती.

देवराईबाबत गावाच्या दोन अटी होत्या. शेंदराचा दगड आला की पायातलं काढायचं, आणि आत मोठ्यानं बोलायचं नाही. पुढचा चढ अनवाणी. माथ्यावर गावातले एक आजोबा मनगटाला दोरा बांधायचे, तोच पोचल्याचा पुरावा. आमच्या घरी देव नाहीत, बुद्धाचा फोटो आहे. पण ज्याचं घर त्याची रीत, मी मुकाट्यानं बूट काढले. दोरा बांधता बांधता आजोबा हळूच म्हणाले, "बायांत तुम्ही तिसऱ्या."

शाळेत असतानासुद्धा मी कशात तिसरी आले नव्हते. आनंदानं डोकंच फिरलं माझं.

उतरताना वाटेत मैत्रीण भेटली, अनवाणी, झाडांना धरत वर चाललेली. चढताना कारवीखाली पिंपापाशी पाणी वाटणाऱ्या ताईपर्यंत आम्ही बरोबर होतो, तिथून मी पुढे निघाले होते. मी तीन बोटं दाखवली. तिनं दोन्ही हातांनी मला पुढे ढकलल्यासारखं केलं. दगडापाशी तिनं सवयीप्रमाणे तिचे बूट माझ्या बुटांना चिकटून ठेवले होते. टेकडीवरच्या टपरीपाशी चहाला बूट काढून बसतो, तेव्हासुद्धा आम्ही असेच ठेवतो. माझं लक्ष घड्याळात. पाय घातले, नाड्या ओढल्या आणि सुटले.

चार पावलांतच उजवी टाच उचललेली वाटली.

इथे खरं सांगते. मला कळलं होतं. तो तुकडा मी माझ्या हातानं घासलेला, तो पायाखाली आला आणि मला कळणार नाही? पण मी थांबले नाही. कंपनीनं काय बूट काढलेत म्हणून शिव्या घातल्या, एकसारखे घेऊ म्हणणाऱ्या तिला घातल्या, आणि पळत राहिले. ती करेल काहीतरी, असं स्वतःला सांगत कारवीचं अख्खं रान मी उतरले.

पाण्याच्या पिंपापाशी त्या ताईनं ग्लास पुढे केला आणि विचारलं, "दुसरी कुठाय? जाताना दोघी होतात ना?"

ग्लास मी तसाच पिंपावर ठेवला. मी वळले आणि परत चढायला लागले. वरून येणारे सगळे ओरडत होते, "मॅडम, उलट्या चाललात!"

ती कारवीच्या वरच्या टोकाला भेटली. पायात माझे बूट, हातात काठी, एकेक पाऊल आडवं टाकत उतरत होती. चेहरा पांढरा पडलेला. आम्ही तिथेच बसून बूट बदलले.

"हाक का नाही मारलीस?" मी तिच्यावरच खेकसले.

"बघितलंय मी वरून, तू माझे घालतंस ता."

"मग?"

"देवराईत ओरडूचा नाय." मग नाडी बांधता बांधता म्हणाली, "आणि हाक मारली असती तर थांबली असतीस. तिसरी होतीस ना गो." दुसरी नाडी ओढत तिनं विचारलं, "तुका कधी कळला?"

"आत्ताच," मी म्हटलं.

पुढे मी वाट दाखवत धावले, ती मागे. पिंपापाशी ती पाण्याला थांबली, मी "चल, चल" म्हणून ओरडले. गावात पोचलो तेव्हा शर्यतीची कमान उतरवायला घेतली होती. नऊ मिनिटं उशीर. कारवीतून मी किती वेळ उतरत राहिले होते, ते मला ठाऊक होतं. ती नऊ मिनिटं माझीच होती.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ती टेकडीवर आली, नुसती चहाला. मला राहवेना. सांगून टाकलं, की मला चौथ्या पावलालाच कळलं होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पिंपाकडची ताई बोलली मला. तुझी मैत्रीण इथवर येऊन परत वर पळाली म्हणून. अख्खं रान उतरलीस, आणि तुका तुकडा कळला नाय?"

म्हणजे त्या दिवसापासून तिला माहीत होतं. मला रडू फुटलं. टपरीवाला बघत होता, बघू दे म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आलीस ना परत." तिनं पर्समधून लाल नाड्या काढल्या, माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि माझ्या बुटाच्या जुन्या नाड्या सोडायला लागली. "पुढच्या वर्षी जाशील तेव्हा ह्या घालून जा."

"तू नसणार, मग माझे बूट कोणाशी बदलणार?"

"तुझो काय भरवसो," ती म्हणाली आणि लाल नाडी ओवत राहिली.