काळी चारवरून खाली

जिन्यात माझी चाहूल लागली की आई आतूनच म्हणायची, "काय रे." तेवढ्यावर मला कळायचं, आज आवडीचं काही केलंय की माझी एखादी चहाडी तिच्यापर्यंत पोचलीय. शब्द दोनच, आवाज कुठे चढला नि कुठे उतरला, त्यावर सगळं.

मागच्या वर्षी तिच्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आम्ही पेढे वाटले. मग लक्षात आलं की आवाजाचा वरचा भागच गेलाय. बोलणंही सपाट झालं. रागावली तरी तेच, थट्टा केली तरी तेच. "काय रे" ऐकून मी दारात चपला हातात घेऊन उभा राहायचो, मूर्खासारखा.

डोंबिवलीत मानपाड्याला आमच्या सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. मी त्यांचा पेटीवाला, एकुलता एक पुरुष, म्हणजे थट्टेचं हक्काचं गिऱ्हाईक. आई मुख्य गायिका, पट्टी काळी चार. पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या सुरावर गाण्याचा सा धरायचा ती जागा; काळी चार म्हणजे सप्तकातलं चौथं काळं बटण. एका काकूंनी वयोमानाने ती खाली आणली तेव्हा आईच फटकन म्हणाली होती, "पट्टी उतरवून गाण्यापेक्षा टाळ धरावा माणसाने." आता तिच्यावर वेळ आली आणि बाईने खरंच टाळ धरला. आठ महिने एक ओळ गायली नाही. स्वतःच्याच शब्दाला एवढं चिकटून बसायचं! मला तिची दया यायची आणि संतापही यायचा. अशाने ती कायमची गप्प होईल, ही भीती वेगळीच.

नवरात्रात ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये आमचं दुपारचं भजन होतं. मंडळाचा एक दंडक आहे: पेटीवर जिच्या गाण्याची चाल वाजेल तिने ते उचलायचंच, देवीसमोर नाही म्हणायचं नाही. मी त्याचाच फायदा घ्यायचं ठरवलं. माझ्या पेटीचे सगळे सूर एकदम खाली सरकवता येतात, बोटं मात्र नेहमीच्याच जागी फिरतात. गुपचूप ते काळी दोनवर आणले आणि आईच्या गवळणीची चाल सुरू केली.

आणि मग लक्षात आलं. मोबाइलवरचा तंबोरा मी काळी चारवरच विसरलो होतो. आता सगळं बेसूर होणार आणि माझी चोरी हॉलभर ऐकू जाणार.

पण तसं झालं नाही. तंबोऱ्यात साबरोबर पंचमही, म्हणजे त्याचा पाचवा सूर, वाजत असतो. मी उतरून पोचलो होतो ती काळी दोन म्हणजे नेमका काळी चारचाच पंचम. आईने टाळ मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि त्या पंचमालाच सा मानून गायला लागली. गवळण तीच, तंबोरा तोच, तरी सगळं बदललं. इतकी वर्षं जो सा होता तो आता मध्यम होऊन वर कुठेतरी झंकारत राहिला. लग्न झालं की कालचं घर माहेर होतं, भिंती त्याच असतात, तसं. सा बदलणं म्हणजे काय हे मी वीस वर्षं पेटी वाजवून फक्त बोटांनी शिकलो होतो. ते आज कानांनी ऐकलं.

आधी तिची गवळण लटकं रागवायची. आता त्या खालच्या, किंचित खरखरीत आवाजात ती खरंच विनवत होती. मागून ओळ म्हणायची हे बायका विसरूनच गेल्या. शेवटी ज्या काकूंना ती टोचून बोलली होती, त्यांनीच ओळ उचलली.

भजन संपलं. मी तिची नजर चुकवत पेटीचा भाता बंद करत होतो.

"काय रे," आई म्हणाली.

आवाज खालचाच. पण "काय"वर जरासा चढला आणि "रे"वर सावकाश उतरला. चोरी पकडली होती आणि माफही केली होती. आठ महिन्यांनी मला ते ऐकून कळलं, आणि सगळ्या बायकांसमोर मला रडू फुटलं.