कठड्याशी काढलेले बूट

इथे अमेरिकेत, बॉथेलला, आमच्या घरापासून नदीकाठची पायवाट दहा मिनिटांवर आहे. हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी यांना रोज चालायला सांगितलं, तेव्हापासून त्या वाटेवर यांच्या मागे चार पावलांवर मी असायचे. आमच्या शनिवारच्या मराठी ग्रुपमधले एक काका मला ‘अँब्युलन्स’ म्हणू लागले. मला राग आला, पण मागे चालणं मी काही सोडलं नाही.

खरं सांगायचं तर हे बरे झाले होते आणि झालेही नव्हते. रिपोर्ट उत्तम होते. पण चाळीस वर्षं ज्या माणसाशी मी आमटीतल्या गुळापासून मुलांच्या कॉलेजपर्यंत एकूण एक गोष्टीवर भांडले, तो आता ‘तू म्हणशील तसं’ एवढंच म्हणायचा. आमटी अळणी झाली तरी गप्प जेवायचे. टीव्हीवर मी लावीन ते बघत बसायचे. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस गं. मला मात्र घरी कुणी संकोची पाहुणा उतरलाय असं वाटायचं, आणि नवरा कुठे गेलाय ते विचारायची सोय नव्हती.

इटलीची टूम मुलीची. जन्मली, वाढली ती इथेच, त्यामुळे आईबापांना काही झालं की तिला उपाय म्हणून डोंगर सुचतो. “बाबांना चेंज पाहिजे, आई. अँड सो डू यू,” म्हणाली आणि तिकिटं काढून मोकळी झाली. मी यांना विचारलं, जायचं का? हे म्हणाले, तू म्हणशील तसं.

गाव उत्तर इटलीतलं, डोंगराच्या कुशीतलं, एवढंसं. एक चौक, एक बेकरी, एक चर्च, आणि चौकातून निघणाऱ्या आठ-दहा पायवाटा. वाटेवरच्या दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले आणि शेजारी वाटेचा नंबर, त्यामुळे चुकायची भीती नाही. पाट्यांवर मात्र अंतर लिहिलेलं नसतं, वेळ लिहिलेली असते. अमक्या कुरणापर्यंत एक तास, तमक्या खिंडीपर्यंत तीन. आता हा तास कुणाचा, हे कुणी सांगत नाही. तिथल्या सत्तरीतल्या बायका शेळ्यांसारख्या चढतात, त्यांचाच असणार. आम्हाला एका तासाला दोन लागायचे.

पहिले दोन दिवस सोप्या वाटा केल्या. एक ओढ्याच्या कडेनं जाणारी, दुसरी नुकतंच गवत कापलेल्या कुरणांमधून. गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, समोर बर्फाचे सुळके. हे प्रत्येकाला ‘छान आहे’ म्हणाले, सगळ्यांना एकाच सुरात. मागे चार पावलांवर मी होतेच.

तिसऱ्या दिवशी जरा वरची वाट धरली. ती कुणा संताच्या चॅपलपर्यंत जाते. पाटीवर दीड तास. शेवटचा थोडा चढ राहिला तेव्हा मुलीनं माझा दंड धरला.

“आई, थांब. लेट हिम गो.”

“एकटे?”

“एकच वाट आहे. वर जाऊन थांबतील ना. तू सारखी त्यांच्या मागे असतेस, यार. त्यांना पण कळतं.”

मला ते लागलं. लागलं म्हणूनच मी थांबले. एका दगडावर बसून दोघींनी एक सफरचंद खाल्लं. हे एकदाही मागे न बघता वळणाआड गेले.

पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही वर पोचलो. छोटंसं दगडी चॅपल, दार बंद, त्याला कुलूप. समोर हातभर अंगण आणि अंगणाच्या टोकाला गुडघाभर उंचीचा कठडा. कठड्यापलीकडे सरळ दरी. कठड्याला टेकून यांची काठी उभी होती. काठीशेजारी यांचे बूट. एकाला एक लावून नीट ठेवलेले, आत मोजे घडी करून. हे मात्र कुठे नव्हते.

तेव्हा मनात काय आलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. पाय घसरून पडणारा माणूस बूट काढून ठेवत नाही, हे मला पहिल्यांदा सुचलं. त्यानंतर आठवला तो वर्षभरातला गप्पपणा. तू म्हणशील तसं. मागे न बघता वळणाआड जाणं. मी कठड्यावरून खाली वाकले. खाली झाडांचे शेंडे होते, बाकी काही दिसेना. मुलीच्या तोंडावरचा रंग उडाला होता. म्हणजे तिच्याही मनात तेच आलं होतं.

मी ‘अहो, अहो’ म्हणून ओरडायला लागले. चाळीस वर्षांत मी यांना नावानं हाक मारलेली नव्हती. त्या डोंगरात पहिल्यांदा मारली, एकदा नाही, दहादा. मुलगी फोन काढून इमर्जन्सीचा नंबर लावत होती. मी चॅपलला वळसा घालून मागे धावले. मागे एक बुटकं दार होतं, अर्धवट उघडं. मी ते ढकललं आणि आत शिरले.

आत हे होते. अनवाणी. एका स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे. स्टुलावर ऐंशीच्या घरातली एक आजीबाई, काळा स्वेटर घातलेली, उंच कोनाड्यातल्या संताच्या मूर्तीपुढची वाळलेली फुलं काढून ताजी ठेवत होती. तिनं वरून माझ्याकडे बघून प्रेमानं मान डोलावली.

मी भिंत धरली.

“तुम्हाला ऐकू येत नव्हतं?” मी विचारलं.

“येत होतं की,” हे हळू आवाजात म्हणाले. “ओ दिली मी.”

“ओ दिली? कुणाला ऐकू गेली?”

“मग काय करू? स्टूल सोडलं असतं तर ही बाई पडली असती. आणि देवळात काय बोंब मारायची?”

आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवळात जायचं म्हणून यांनी बूट काढले होते. आणि देवाच्या पायरीवर चपला ठेवत नाहीत, जरा बाजूला, आडोशाला ठेवतात, म्हणून ते नेऊन कठड्याशी ठेवले. पुढचं दार बंद दिसलं तेवढ्यात किल्लीवाली आजीबाई आली, तिनं खुणेनं मागे बोलावलं. एवढंच झालं होतं. जन्मभर देवळाबाहेर चपला काढलेली मी, मला ते दिसलं नाही, कारण मी कठड्यापलीकडेच बघत होते.

मी तिथंच बाकावर बसले आणि रडले. मोठ्यानं रडले, लाज नाही वाटली. पाठोपाठ मुलगी आत आली आणि फोनवर कुणाला तरी ‘सॉरी, वी फाउंड हिम, सॉरी’ सांगत राहिली. आजीबाई खाली उतरली. यांनी स्टूल जागेवर नेऊन ठेवलं, माझ्याजवळ आले, आणि माझ्या पायांकडे बघितलं.

“बूट घालून आत आलीस?”

मी वर बघितलं. यांच्या कपाळाला आठी पडली होती. ती आठी मी वर्षभर बघितली नव्हती.

“तुम्ही मेलात असं वाटलं मला,” मी म्हणाले. “आणि तुम्हाला बुटांचं पडलंय?”

“एवढ्यात मेलो? बाहेर थांबून जरा विचार करायचा. तुला आधीपासून घाईच.”

“घाई? मला? सकाळी बेकरीत अर्धा तास कोण उभं होतं?”

उतरणीचा सगळा रस्ता आम्ही भांडलो. बेकरीवरून विमानातल्या सीटवर गेलो, तिथून यांच्या बहिणीवर, तिथून अळणी आमटीवर. वर्षभर आमटी अळणी होती, हे यांना कळत होतं. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. “तू घाबरली होतीस,” हे म्हणाले, “म्हटलं, कशाला.” यावर मला पुन्हा रडू आलं, पण मी ते भांडणातच खपवलं. वर चढणारं एक जर्मन जोडपं आम्हाला बघून वाटेच्या कडेला सरकलं.

मुलगी मागे पडली होती. एका वळणावर तिचा आवाज वरून ऐकू आला. तिकडे अमेरिकेत, शॉमबर्गला राहणाऱ्या भावाला तिनं फोन लावला होता. तिकडे जेमतेम उजाडलं असेल.

“नो, एव्हरीबडी इज फाइन,” ती सांगत होती. “दे आर फायटिंग. आई अँड बाबा. नो, लिसन, रिअली फायटिंग. बोथ ऑफ देम.” मग त्यालाही ऐकू यावं म्हणून तिनं फोन आमच्या दिशेनं धरला.