वाढणाऱ्यानं जेवायचं नाही

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. प्रार्थनेत डोळे मिटून बसतो ना, तेव्हा देवाजवळही या एका गोष्टीला वळसा घालून जात आलो. आज तुम्ही समोर आहात असं समजतो आणि सांगून टाकतो. आढेवेढे घेईन थोडे — जुनी खोड आहे — पण सांगेन.

सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. रिटायर झालो तरी गावाचा गुरुजीच राहिलो. दर गुरुवारी संध्याकाळी सभामंडपात सामुदायिक प्रार्थना होते आणि प्रार्थनेनंतर मी बोलतो. विषय बहुतेक एकच — सगळ्यांच्या ठायी एकच आत्मा आहे, आणि माणसाची सेवा हीच त्याची पूजा. मी बरं बोलतो. बायामाणसं डोळे पुसतात. ही बढाई नाही. माझ्याविरुद्ध जो काही पुरावा आहे त्यातलाच हा एक भाग समजा.

धान घरात आलं की आमच्याकडे गावजेवण होतं. घरोघरचे तांदूळ एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वांग्या-आलूची भाजी, वरण, बुंदी. पूर्वी रांधायला बाहेरून आचारी यायचा. एका वर्षी बैठकीत मीच उठून म्हणालो, की बाहेरचा माणूस कशाला? आपल्या शाळेत विमलबाई रोज पोरांची खिचडी शिजवते, गावाची लेकरं तिच्या हातचं खाऊन मोठी होतात, मग गावजेवणही तिच्याच हातचं होऊ द्या. विमलबाई बौद्ध मोहल्ल्यातली. तिथं न बोललेलं जे काही होतं ते सगळ्यांना कळलं. दोन-चार जणांनी खाली पाहिलं, पण मी असं काही बोललो की कोणाला नाही म्हणता आलं नाही. टाळ्या पडल्या. किती अभिमान वाटला होता मला त्या दिवशी!

आणि जेवणाच्या दिवशी? पहिल्या पंगतीत मला मानानं बसवलं. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं. मी घास कालवला — आणि तो तोंडापर्यंत जाईना. खरंच जाईना. हात तिथल्या तिथं थांबला. शेजारी सगळे जेवत होते. समोर बायकांच्या पंगतीत माझी बायको दुसऱ्यांदा वरण मागत होती. मी मात्र घास पत्रावळीवर ठेवला, उठलो, हात धुतले आणि भाताची परात उचलली. म्हणालो, आधी सगळ्यांना वाढतो, मग जेवतो.

दुपार कलेपर्यंत वाढत राहिलो. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून घरी गेलो आणि सकाळची भाकर खाल्ली.

तुम्ही म्हणाल, लहानपणीचे संस्कार असतील. असतील की. पण माझी बायको माझ्यासारख्याच घरातून आलेली, ती पोटभर जेवली. माझी पोरं शाळेत रोज त्याच हातची खिचडी खात होती, मीच त्यांना रांगेत बसवत होतो. मग मला एकट्यालाच काय झालं होतं? नाही, संस्कारांवर ढकलून मोकळा होणार नाही.

पुढं जे झालं ते याहून वाईट. दुसऱ्या वर्षीही मी थेट परातच धरली. आमच्या प्रार्थना मंडळाचे अध्यक्ष देवाजीभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, गुरुजी दिवसभर वाढतात आणि शीतसुद्धा तोंडात घालत नाहीत, याला म्हणतात सेवा. मी काय केलं? मान खाली घातली, नम्रपणानं. तिसऱ्या वर्षी वाढणारे सगळेच न जेवता घरी जाऊ लागले. मग मंडळाचे नियम फळ्यावर लिहायचे ठरले, आणि अक्षर चांगलं म्हणून खडू माझ्याच हातात आला. सातवा नियम मी माझ्या हातानं लिहिला — वाढणाऱ्यानं जेवायचं नाही. त्यावर एका गुरुवारी अर्धा तास बोललोसुद्धा. सेवेचं फळ आपल्या पोटात घालू नये, असलं काहीतरी. अशी सोळा वर्षं गेली.

गेल्या वर्षी आमचा जागेश्वर वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरता फिरता कोसळला. चाळिशीचा माणूस, शुगरवाला. सकाळी सुई टोचून घेतलेली आणि पोटात काही नाही. विमलबाई धावत आली, त्याच्या तोंडात बुंदी कोंबली, पाणी पाजलं. तो जरा सावरल्यावर ती रागावली, जेवून का घेतलं नाही म्हणून. जागेश्वर म्हणाला, "नियम हाय ना, बाई."

तो माणूस मेला असता — कशासाठी? माझ्या एका न खाल्लेल्या घासासाठी! मी परात खाली ठेवली, तिथंच जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "विमलबाई, मले वाढा."

तिनं वाढलं. मी खाल्लं. चांगलाच शिजला होता भात, गरम होता. काही झालं नाही हो. काहीच नाही. दुसऱ्यांदा मागून घेतला. सोळा वर्षांचं ओझं दोन घासांत उतरलं म्हटलं तर खोटं वाटेल, पण पाठ हलकी झाली, श्वास खालपर्यंत गेला.

गावात मात्र भलतंच पसरलं. नियमापेक्षा माणूस मोठा, हे गुरुजींनी दाखवून दिलं! यंदा त्यासाठी माझा सत्कार ठरवला आहे. म्हणूनच हे लिहायला बसलो. येत्या गुरुवारी हाच कागद प्रार्थनेनंतर वाचणार आहे, शाल येण्याच्या आधी. मी नियम मोडला हे खरं, पण तो नियम जन्माला आला तो मला विमलबाईच्या हातचं खायचं नव्हतं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. लिहिलं बघा.

एक राहिलं. जागेश्वर कोसळला त्या दिवशी मंडप रिकामा झाल्यावर मी हे विमलबाईला सांगायला गेलो होतो. मला तोंड उघडू न देताच ती म्हणाली, "मले पयल्याच साली समजलं होतं, गुरुजी. वाढताना बोटाले लागलेलं शीत तुमी दुपट्ट्याले पुसत होते. सकाळपासून उपाशी मानूस शीत पुसत नाई."

मी विचारलं, मग बोलल्या का नाहीत?

"कायले बोलू? तुमी नाई खाल्लं, तं तुमचा घास गेला. माहा कोन्ता गेला?" ती गंज घासत होती. मान वर न करताच पुढं म्हणाली, "पन शेवटची पंगत वाढनाऱ्यायची आन रांधनारीची राहाते. तुमच्या नियमानं वाढनारे सगळेच घरी जाऊ लागले. दोनशे लोकायचं रांधून दर साली मी एकटीच जेवली."

हे माझ्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. सोळा वर्षं मी आत्मा एक आहे म्हणून सांगत होतो, आणि मंडपाच्या मागं चुलीजवळ ती एकटी जेवत होती.